कडी लावून बसू नकोस

काल रात्री काकूचा फोन आला होता. आधी पावसाचं झालं, मग गौरीचे मुखवटे पॉलिश करून आणल्याचं सांगून झालं, आणि बोलता बोलता एकदम तिचा आवाज दाटून आला. "अगं, ती म्हणते मी धार्मिक नाही, मी स्पिरिच्युअल आहे. म्हणजे काय गं? आता गौरीला घरी यायची नाही का ती?"

तिची समजूत मी काढली. पण तुझ्याशी जे बोलायचंय ते फोनवर मावायचं नाही, म्हणून तपासायचे पेपर बाजूला ठेवून लिहायला बसलेय. घाबरू नकोस छकुले, काकूचं वकीलपत्र घेऊन आलेली नाही. तुझं ते वाक्य मला खोटं वाटत नाही. तुझ्या वयात मीही तेच म्हणत होते, तेव्हा हा इंग्रजी शब्द एवढा तोंडी रुळला नव्हता इतकंच. मला बोलायचंय ते मागच्या महिन्यात तू सहज सांगून गेलीस त्याबद्दल. तुझी रूममेट रात्री रडते, तिची एनर्जी फार निगेटिव्ह आहे, म्हणून तू सकाळी ध्यानाला बसताना तिला बाहेर जायला सांगतेस, आतून कडी लावतेस आणि उरलेला वेळ कानात हेडफोन घालून असतेस. किती साधेपणाने सांगितलंस! त्यात खटकण्यासारखं काही असेल असं तुझ्या मनातही आलं नव्हतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. का, ते पुढे सांगते.

पंधरा वर्षं झाली मला शिकवायला. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुलं एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली की मनातलं बोलायला लागतात. एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. तुमच्या पिढीचं अध्यात्म मी तिथेच ऐकलंय. एकीचं अध्यात्म म्हणजे झोपण्याआधी कानात लावायचं दहा मिनिटांचं ॲप. एक मुलगा गळ्यात रुद्राक्ष घालतो, पहाटे पाचला व्यायामशाळेत जातो आणि महादेव म्हणजे शिस्त असं मनापासून सांगतो. एनएसएसमधली एक मुलगी वारीच्या वाटेवर दोन दिवस पत्रावळ्या गोळा करून आली आणि म्हणाली, "मॅडम, देवळात गेलेच नाही, पण जाऊन आल्यासारखं वाटलं." रोजे चालू असताना घोटभर पाणी न पिता दुपारभर सेक्शन कापणारी मुलगी म्हणते, आपण स्वतःला थांबवू शकतो हे दर वर्षी नव्याने कळतं. कुणाला टॅरो, कुणाला घड्याळातली अकरा वाजून अकरा मिनिटं, कुणाला कळसूबाईवर पोचल्यावर सुटलेला वारा.

यातलं काहीच मी हसण्यावारी नेत नाही. घरापासून लांब, कॉट बेसिसवर राहायचं, बॅकलॉगची धास्ती, घरच्यांनी काढलेलं कर्ज डोक्यावर. अशा वेळी माणूस काही तरी घट्ट धरू बघतो. देवळातली व्हीआयपी रांग आणि जातीपातीचे नियम तुम्हाला नको झालेत, आणि तरी आत कुठे तरी भूक आहे. तिला तुम्ही नाव शोधताय. शोधा.

पण एका मुलीने मला पेचात टाकलं होतं, ते ऐक. ती बौद्ध घरातली. तिची पणजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होती, हे ती अभिमानाने सांगते. वर्गात असाच विषय निघाला, त्यानंतर ती स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही आत्मा मानत नाही. मग अध्यात्म हा शब्द मी वापरायचा कसा? त्यातच आत्मा आहे." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तिला म्हटलं, थांब, मी बघते. आणि खरंच बघत बसले.

गीतेच्या आठव्या अध्यायाची सुरुवात अर्जुनाच्या प्रश्नांनी होते. त्यातला एक प्रश्न हाच आहे, अध्यात्म म्हणजे काय? कृष्ण एका शब्दात उत्तर देतो : स्वभाव. भाष्यकारांनी तो शब्द पुष्कळ खोल नेलाय, प्रत्येक देहात असलेलं परब्रह्माचं आपलं रूप असा त्याचा अर्थ लावलाय, आणि ते चूक म्हणण्याइतका माझा अधिकार नाही. पण स्वभाव म्हटलं की मराठी माणसाच्या कानाला काय ऐकू येतं? आजी म्हणायची तेच. स्वभावाला औषध नाही. तिचं ते वाक्य आणि कृष्णाचा तो शब्द मी शेजारी शेजारी ठेवले आणि मला एकदम मोकळं वाटलं. ज्याला औषध नाही म्हणतात त्यावर रोज थोडं थोडं काम करत राहायचं, याला मी अध्यात्म म्हणते. आत्मा कुणी मानो न मानो, चिडणारा, हेवा करणारा, घाबरून खोटं बोलणारा स्वभाव सगळ्यांनाच असतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी हे सांगितलं. ती रोज संध्याकाळी घरी त्रिशरण आणि पंचशील म्हणते; खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही हे स्वभावाशीच तर झुंजणं आहे. थोडा विचार करून म्हणाली, "असं असेल तर चालेल."

आता माझी गोष्ट. काकूलाही ठाऊक नाही.

मी एस. वाय.ला असताना दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीला, धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारला घंटा व्हायची, साडेचारला बसायचं. वही, पेन, पुस्तक सगळं जमा. आर्यमौन पाळायचं, शेजारच्या बाईशी खाणाखुणाही करायच्या नाहीत. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, नाकाखालच्या एवढ्याशा जागेत. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. संध्याकाळी गोएंकागुरुजींचं प्रवचन. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. सातव्या दिवशी गुडघ्यातली कळ उठताना आणि विरताना मी जागची न हलता पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कळलं की दुखणं आणि मी यांच्यामध्ये थोडी जागा असते. तो अनुभव खरा होता. बाळंतपणात, आजी गेली तेव्हा, अजूनही, तो माझ्या उपयोगी पडतो.

चूक परत आल्यावर झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती. सकाळ-संध्याकाळ तास तास बसायचं असं सांगितलेलं, ते मी नेमाने करू लागले. हॉस्टेलवर आमची दोघींची खोली. जानेवारीतली संध्याकाळ होती. मी आतून कडी लावून बसले होते आणि रूममेटने दार वाजवलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा अगदी हळू, बोटाच्या पेराने. माझ्या छातीत चीड उठत होती, मी ती बघत होते, ती विरली तेही मी बघितलं, आणि खरं सांगते, मला त्या विरण्याचा अभिमान वाटला. तास पुरा करून मी दार उघडलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर मेसचा डबा, झाकणही काढलेलं नाही. घरून फोन आला होता. वडिलांना कर्ज फिटेना, शिकणं पुरे झालं, स्थळ आलंय, निघून ये. मी तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हेही जाईल बघ. सगळं अनित्य आहे."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि रडायची थांबली. मला वाटलं, मी तिला शांत केलं.

पंधरा दिवसांत ती खोली सोडून गेली. कपाटातली तिची बाजू रिकामी झाली तेव्हा तळाशी घातलेल्या वर्तमानपत्रावर तिच्या बांगड्यांची दोन वर्तुळं उमटलेली होती, ती मी कितीतरी दिवस बघत होते. त्या संध्याकाळी तिला माझ्या तत्त्वज्ञानाची गरज नव्हती. कुणी तरी तिचा हात धरून तिला रेक्टरबाईंकडे न्यायला हवं होतं, कमवा आणि शिकाचा फॉर्म भरून द्यायला हवा होता, तिच्या वडिलांशी कुणी मोठं माणूस बोललं असतं तर कदाचित वर्ष तरी पुरं झालं असतं. यातलं सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. सुचलं नाही, कारण मी माझी शांतता सांभाळत होते. पुढे मी तिला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. शिकवणीचा यात काडीचा दोष नाही; दहाव्या दिवशी मौन सुटतं तेव्हा तिथे मंगल मैत्री शिकवतात, मिळालेलं सगळ्यांना वाटून टाकायला सांगतात. मी पहिले नऊ दिवस घरी आणले आणि दहावा तिथेच विसरून आले.

म्हणून झोप उडाली माझी. तुझ्या खोलीलाही आतून कडी आहे.

तुला मुक्ताबाईची गोष्ट आजीने सांगितली होती का आठवत नाही. मला तिने ती अगणित वेळा सांगितली. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीने या चार भावंडांना वाळीत टाकलेलं. आईबाप प्रायश्चित्त म्हणून देह सोडून गेलेले. एकदा ज्ञानेश्वर माधुकरी मागायला गेले असताना कुणी तरी अपमान केला. ज्ञानेश्वरांना तो लागला. ते घरी आले, झोपडीची ताटी लावून घेतली आणि आत बसले. ध्यानालाच बसले असतील, आपल्याला काय माहीत. बाहेर सगळ्यात धाकटी मुक्ता उभी. तिने दारावर धक्के मारले नाहीत, रडूनही दाखवलं नाही. योगी कसा असतो, संत कसा असतो, लोकांचे शब्द कसे सोसायचे, हे तिने त्यालाच परत ऐकवलं, आणि दर वेळी शेवटी मागणं एकच, दार उघड. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच, ४२ आहेत. लहानपणी मला ती भावाबहिणीची गोड गोष्ट वाटायची. जिन्यावरच्या त्या संध्याकाळनंतर मी ती वाचली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की दार लावणारा माणूस वाईट नव्हता, दुखावलेला होता, आणि एवढा ज्ञानी असूनही त्याला बाहेरून कुणी तरी हाक मारावी लागली. आपल्या मराठीत अध्यात्माचं सगळ्यात धीट बोलणं एका लहान मुलीने बंद दाराशी उभं राहून केलंय, याचं मला अजून नवल वाटतं.

ध्यान सोडून दे असं मी म्हणत नाही हं. सावकाश, लांब श्वास सोडला की हृदयाचे ठोके खाली येतात, अंग सैल होतं, हे शरीराचं शास्त्रच आहे. परीक्षेच्या हॉलबाहेर मी माझ्या मुलांना तेच करायला लावते. पण मायक्रोस्कोपला फोकस साधला की काम संपतं का? तिथून पुढे स्लाइड बघायची असते. पेशी मोजायच्या असतात, आकृती काढायची असते. तुम्हाला ॲपवर जी शांतता मिळते ती फोकस साधण्याइतकी आहे. ती मिळाल्यावर तुला काय दिसलं, हे मला विचारावंसं वाटतं. सकाळी वीस मिनिटं बसून उठलीस आणि रूममेटचे सुजलेले डोळे दिसले नाहीत, तर ती वीस मिनिटं कुठे गेली?

तू मॅनिफेस्टेशनची वही दाखवली होतीस. हवी ती गोष्ट सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा लिहायची. ती वही हातात घेतल्याबरोबर मला आजीच्या वह्या आठवल्या. ती लिखित जप करायची, दोनशे पानी वह्याच्या वह्या, एकेका ओळीत 'श्रीराम जय राम जय जय राम' हीच तेरा अक्षरं. शेवटी शेवटी हात थरथरायचा तेव्हा अक्षर ओळ सोडून चालायचं, तरी रोजचं पान चुकलं नाही. तुझं अक्षर आणि तिचं अक्षर, दोन्हींत तीच चिकाटी आहे. फरक पानावर काय लिहिलंय त्यात आहे. तुझ्या पानावर 'माझं', 'मला', 'मी' आहेत : माझी इंटर्नशिप, माझं वजन, मला मेसेज. आजी काही मागायचीच नाही असं नाही. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तिने केलेला नवस मला चांगला ठाऊक आहे. पण त्या वहीत तिने कधी काही मागितलं नाही. ती जागा तिने मागण्यापासून मोकळी ठेवली होती. तुझी इंटर्नशिपची इच्छा चांगलीच आहे, तिच्यासाठी अर्ज कर, सरांना भेट, मुलाखतीची तयारी कर. वहीतलं एखादं पान मात्र असं ठेव की ज्यात तू नाहीस.

कॉलेजात असतानाच अध्यात्माची ओढ लागलेल्या मुलांमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटतो तो विनायक नरहर भावे. पुढे सगळं जग त्यांना विनोबा म्हणू लागलं. १९१६ सालचा मार्च, वय वीस. बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला आणि मध्येच सुरतला उतरून काशीला गेला. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची आणि एक बंगालच्या क्रांतिकारकांची. (परीक्षा सोडण्याचा भाग तू उचलू नयेस. तो काळ वेगळा होता, आणि त्याने पुढे जन्मभर जो अभ्यास केला तसा करायची तयारी असलेलं माणूस मी अजून दुसरं पाहिलेलं नाही.) तिथे गांधीजींचं भाषण वाचनात आलं, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जूनला हा मुलगा अहमदाबादेत कोचरबच्या आश्रमात जाऊन पोचला. ब्रह्मजिज्ञासा घेऊन आलेला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. एवढा मोठा नेता भाजी चिरतो हेच त्याला नवीन. गांधीजींनी एक सुरी त्याच्याही हातात दिली. त्याने जन्मात भाजी चिरलेली नव्हती. ती सुरी त्याने घेतली, बसला, चिरू लागला. हिमालयातली शांती आणि बंगालातली क्रांती दोन्ही आपल्याला त्या माणसापाशी मिळाली, असं विनोबा पुढे सांगत.

मला त्या प्रसंगातली सुरी फार आवडते. तिथे त्या मुलाला कुणी आसन घालून दिलं नाही, डोळे मीट म्हटलं नाही.

वाचायचंच असेल तर त्यांची गीताप्रवचने वाच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय, असे १८ रविवार ते बोलले, आणि साने गुरुजींनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं म्हणून आपल्याला मिळालं. ऐकणारे बहुतेक कैदी. म्हणून भाषा इतकी सोपी आणि घरगुती आहे की तुला कुठे अडायला होणार नाही. १८ रविवार म्हणजे तुझं एक सेमिस्टर. कुठे पटलं नाही तर समासात प्रश्नचिन्ह काढ, मी तसंच केलंय. माझी प्रत घेऊन गेलीस तरी चालेल, प्रश्नचिन्हांसकट.

आणखी दोन गोष्टी सांगते, त्या मात्र काना-मात्रा न सोडता ऐक.

तुझ्या ग्रुपमधल्या कुणी 'गुरुजीं'चं नाव घेतलं होतंस, जे आठवड्याला ऑनलाइन सत्संग घेतात आणि 'निवडक' मुलींना वेगळं भेटतात. मी त्यांना ओळखत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही. पण कुणीही, कितीही गोड बोलणारा, एकटीला भेटायला बोलावत असेल, घरी सांगू नकोस म्हणत असेल, आपल्यात शक्ती आहे असं सुचवून पैसे किंवा अंगाला हात लावायची मुभा मागत असेल, तर तिथून चपला घालून निघायचं. शंका घेणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अलौकिक शक्तीचा दावा करून लुबाडणं, लैंगिक शोषण करणं हा त्यात अजामीनपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी तुझ्या पुण्यातच, ओंकारेश्वराच्या पुलावर, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला. त्या पुलावरून तू रोज बसने जातेस.

दुसरी गोष्ट रूममेटची. दोन-तीन आठवडे रोज रडणं, जेवण सुटणं, रात्र रात्र जागणं, याला निगेटिव्ह एनर्जी म्हणून मोकळं होऊ नकोस. तो आजार असू शकतो, आणि त्याला डॉक्टर असतात, औषधं असतात. ध्यान शिकवायलाही जाऊ नकोस तिला. इतकं दुखत असताना डोळे मिटून एकटं बसणं कधी कधी जास्त अवघड जातं. आधी तिच्याबरोबर जेवायला बस. विचार, काय झालंय. सल्ला देऊ नकोस, ऐक. ती म्हणाली की जगावंसं वाटत नाही, तर तिला एकटी सोडू नकोस, तिच्या घरी कळव, कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे स्वतः घेऊन जा. सरकारचा टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फोनमध्ये आत्ताच साठवून ठेव. हे सगळं तुझ्याबाबतही लागू आहे, छकुले. तुझं तसं काही असेल तर 'आय ॲम अ‍ॅट पीस' म्हणत बसू नकोस, मला रात्री दोनला फोन कर.

आता काकू.

तू गौरीला का येत नाहीस, ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी आवाहनाच्या दिवशी तुझी पाळी आली आणि तुला मागच्या खोलीत बसवलं. सोळा भाज्या तू निवडून दिलेल्या, रांगोळी तुझी, आणि आरतीच्या वेळी तू दाराच्या फटीतून बघत होतीस. तुझं तोंड मी पाहिलं होतं, आणि मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. काल काकूला मी ते बोललेय. चोखोबांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात अभंगातून विचारलंय की हा देहच ज्या विटाळातून घडतो, त्याला शिवायचं नाही म्हणता, मग सोवळं कोण उरलं? त्यांना तर दुहेरी विटाळ भोगावा लागला, बाई म्हणून आणि जात म्हणून. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीपाशी आहे, आणि त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून थेट मे १९४७ मध्ये साने गुरुजींना तिथे प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे दार उघडलं. काकूने हे सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या सासूने मला बसवलं, मी तिला बसवलं. मला कुणी विचारलंच नाही गं." तिचा धर्म तुला जुनाट वाटतो, पण तिला एवढं बोलायला किती वर्षं लागली बघ. या वर्षी तुला कुणी मागच्या खोलीत बसवणार नाही. आरती म्हणायची की नाही ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही.

आणि एक आठवण. फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला असते, त्या रात्री आपल्या घराच्या ओट्यावर वारकरी झोपायचे, हे तुला अंधुक आठवत असेल. परभणीकडच्या एक आजी दर वर्षी आपल्याकडेच यायच्या. आळंदीपासून चालत आलेल्या, टाचांना भेगा, कनवटीला तंबाखूची पिशवी, लिहिता-वाचता येत नव्हतं. मी नुकतीच नोकरीला लागले होते, तू चार वर्षांची. आजीने तुला त्यांच्या पाया पडायला पुढे केलं. तू वाकलीस, आणि तू उठून उभी राहायच्या आत त्या वाकल्या. सत्तरी उलटलेली बाई गुडघे धरत धरत खाली बसली, तुझ्या एवढ्याशा पावलांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि 'माउली' म्हणाली. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे मला ठाऊक होतं, पण इतक्या जवळून मी पाहिलं नव्हतं. तू घाबरून माझ्या ओढणीत तोंड लपवलंस. त्या हसल्या, पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा काढून तुझ्या हातावर ठेवला, आणि आजीला म्हणाल्या, लेकराला भूक लागली असंल, आधी तिला वाढा.

मी गौरीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने नाशिकहून निघतेय, दुपारपर्यंत पुण्यात येईन, तिथून आपण बरोबर जाऊ. तुझ्या रूममेटला विचार, येतेस का म्हणून. तिला गर्दी नको असेल तर माडीवरची खोली रिकामी आहे. नाही म्हणाली तर जास्त आग्रह करू नकोस, डब्यात पुरणपोळ्या घेऊन जाऊ परतताना. आणि आज संध्याकाळी काकूला फोन कर, ती फोन उशाशी घेऊन बसलेली असेल.